असमताचिन्हांचे वाचन आणि मराठी तुलनावाक्य

गणितातील चिन्हे सर्व भाषांना समान असतात, म्हणून त्यांच्या अध्यापनात भाषेचा प्रश्न उद्भवत नाही, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. चिन्हाच्या लेखनापुरती ती खरी आहे. वाचनाच्या बाबतीत मात्र ती टिकत नाही. ५ < ८ ही आकृती लंडनला काय, टोकियोला काय किंवा कन्हानला काय, एकच राहते. परंतु ती वाचताना प्रत्येक ठिकाणी एक वाक्य उच्चारले जाते, आणि ते वाक्य त्या त्या भाषेच्या व्याकरणाची बंधने पाळते. चिन्ह लिहिणारा हात गणिताच्या नियमाने चालतो. ते वाचणारे मुख मात्र भाषेच्या नियमाने चालते. या दोहोंत जेथे विसंगती येते तेथे विद्यार्थी अडखळतो, आणि त्या अडखळण्याला आपण ‘गणित कच्चे आहे’ असे नाव देऊन मोकळे होतो.

‘लहान’ व ‘मोठे’ दाखविणाऱ्या चिन्हांबाबत हे विशेषत्वाने घडते. कोणते चिन्ह कोणते, हा गोंधळ प्राथमिक शाळेत सुरू होतो आणि अनेकांच्या बाबतीत महाविद्यालयापर्यंत टिकतो. प्रस्तुत लेखात या गोंधळाची भाषिक कारणे तपासावयाची आहेत. त्यासाठी प्रथम चिन्हाची घडण, नंतर मराठी तुलनावाक्याची रचना, आणि अखेरीस या दोहोंचा मेळ घालण्याचे मार्ग, असा क्रम ठेवला आहे. परिभाषेबद्दल एकच खुलासा पुरे. ‘विषम’ हा शब्द मराठी अंकगणितात दोनाने निःशेष भाग न जाणाऱ्या संख्यांसाठी राखून ठेवलेला असल्यामुळे येथे ‘विषमता’ हा शब्द टाळून ‘असमता’ हा शब्द योजिला आहे.

१. चिन्हाची घडण

समतेचे चिन्ह ( = ) रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी बीजगणितात प्रथम छापले गेले. समांतर अशा दोन सारख्या रेषांहून अधिक सारख्या वस्तू दुसऱ्या कोणत्या असणार, असा त्याचा युक्तिवाद होता. असमतेची < आणि > ही चिन्हे त्यानंतर सुमारे पाऊण शतकाने छापील ग्रंथात आली. टॉमस हॅरिअट हा इंग्रज गणिती १६२१ साली वारला. त्याच्या कागदपत्रांवरून तयार केलेला बीजगणितावरील लॅटिन ग्रंथ १६३१ साली लंडनला प्रसिद्ध झाला, त्यात ही चिन्हे आढळतात. त्याच वर्षी विल्यम ऑट्रेड याच्या ग्रंथात याच अर्थाची निराळ्या आकाराची चिन्हे छापली गेली, आणि पुढे बराच काळ दोन्ही प्रघात शेजारी शेजारी नांदत होते. अखेर हॅरिअटच्या ग्रंथातील चिन्हे टिकली. ‘लहान किंवा समान’ व ‘मोठे किंवा समान’ यांसाठी खाली रेषा जोडलेली चिन्हे फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर बूगे याने १७३४ साली योजिली.

हॅरिअटची चिन्हे टिकण्याचे एक कारण त्यांच्या आकृतीत शोधता येते. चिन्हमीमांसेत चार्ल्स पर्स याने केलेला भेद अभ्यासकांना परिचित आहे. काही चिन्हे केवळ संकेताने अर्थ देतात, तर काही चिन्हांच्या रूपातच अर्थाचे साम्य असते. बेरजेचे + हे चिन्ह पहिल्या वर्गातील होय. बेरजेच्या क्रियेशी त्या फुलीचे काही साम्य नाही, आणि ‘अधिक’ हे नाव केवळ पाठ करावे लागते. = आणि < ही चिन्हे मात्र दुसऱ्या वर्गात मोडतात. समतेच्या चिन्हात दोन रेषांमधील अंतर डाव्या टोकाला जेवढे तेवढेच उजव्या टोकाला असते. त्याच दोन रेषांची डावी टोके एकत्र आणली की < ही आकृती होते. आता डावीकडील अंतर शून्य झाले आहे आणि उजवीकडील अंतर वाढले आहे. ज्या बाजूला अंतर अधिक त्या बाजूची संख्या अधिक. ज्या बाजूला अंतर नाहीसे झाले त्या बाजूची संख्या न्यून. म्हणजे हे चिन्ह असमतेचे नाव नसून असमतेचे लहानसे चित्रच आहे.

भारतीय गणितपरंपरेत अशा चिन्हांची योजना नव्हती. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींसाठी ‘या’, ‘का’, ‘नी’ अशी आद्याक्षरे, व्यक्त संख्येसाठी ‘रू’, वर्गासाठी ‘व’ आणि ऋण राशी दाखविण्यासाठी अंकावर बिंदू अशी लेखनपद्धती आहे. समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडले जात. दोन राशींतील लहानमोठेपणा मात्र शब्दांनीच सांगितला जाई. ‘अधिक’, ‘ऊन’, ‘न्यून’ ही त्यांची साधने होत. यातील ‘ऊन’ हा शब्द पुढील विवेचनात वारंवार भेटणार असल्याने तो येथेच लक्षात ठेवावा.

२. चिन्हाचा क्रम आणि वाक्याचा क्रम

५ < ८ या लेखनात संबंध दाखविणारे चिन्ह दोन संख्यांच्या मध्ये येते. इंग्रजी वाचक हे लेखन डावीकडून उजवीकडे, शब्दाला शब्द लावीत वाचू शकतो. त्याच्या वाक्यातही संबंधवाचक शब्द दोन संख्यांच्या मध्येच येतात. मराठीत तसे होत नाही. ‘पाच ही संख्या आठपेक्षा लहान आहे’ या वाक्यात ‘लहान’ हा निर्णायक शब्द दोन्ही संख्या उच्चारून झाल्यावर येतो. वाचकाच्या डोळ्याला चिन्ह दुसऱ्या स्थानी दिसते, पण त्याचा अर्थ त्याला मनात धरून ठेवावा लागतो, पुढील संख्येवर जावे लागते, तिला ‘पेक्षा’ जोडावे लागते आणि मग मागे ठेवलेला ‘लहान’ बाहेर काढावा लागतो. प्रौढ वाचकाला हा व्यापार जाणवत नाही. ज्याला चिन्हाची ओळख नुकतीच झाली आहे, त्याच्या स्मृतीवर मात्र त्याचा भार पडतो.

ही मराठीची काही विकृती नव्हे. जोसेफ ग्रीनबर्ग याने १९६३ साली मांडलेल्या भाषासामान्यांपैकी बावीसावे सामान्य याच रचनेविषयी आहे. ज्या भाषांत तुलनेचा क्रम प्रथम उपमान, नंतर तुलनादर्शक आणि शेवटी विशेषण असा असतो, त्या भाषा शब्दयोगी अव्यये नामानंतर ठेवणाऱ्या असतात, असे ते सांगते. मराठीचा ‘आठपेक्षा लहान’, हिंदीचा ‘आठ से छोटा’ आणि तेलुगूतील ‘कंटे’ या शब्दाने होणारी रचना, तिन्ही एकाच घडणीच्या आहेत. नागपूर-जबलपूर मार्गावरील कन्हानसारख्या गावात कोळशाच्या खाणी, कारखाने व रेल्वे यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे वसली आहेत. तेथील एखाद्या वर्गात नागपुरी मराठी, हिंदी, छत्तीसगढी व तेलुगू या भाषा घरी बोलणारी मुले एकत्र बसलेली असतात. भाषा निरनिराळ्या असल्या तरी या एका बाबतीत त्या सर्वांचे व्याकरण एका बाजूला असते आणि चिन्हाचा क्रम दुसऱ्या बाजूला. अर्थात हॅरिअटचा ग्रंथ लॅटिनमध्ये होता. त्यामुळे इंग्रजी वाक्यक्रमावरून चिन्हाचे स्थान ठरले, असे अनुमान काढणे घाईचे होईल. आजच्या वाचनात इंग्रजीशी ते जुळते आणि आपल्या भाषांशी जुळत नाही, एवढेच विधान येथे अभिप्रेत आहे.

मराठी तुलनावाक्याची दुसरी वैशिष्ट्यपूर्ण गोष्ट अशी, की विशेषणाचे रूप बदलत नाही. संस्कृतात ‘तर’ व ‘ईयस्’ हे प्रत्यय विशेषणाला लागून तुलना व्यक्त होई, आणि ज्याच्याशी तुलना करावयाची त्याची पंचमी होई (पाणिनी २.३.४२). मराठीत विशेषणाचे प्रत्यय लोपले. पंचमीचे कार्य प्रथम ‘हून’ या प्रत्ययाने व ‘परीस’ या अव्ययाने, आणि आता मुख्यतः ‘अपेक्षा’ या शब्दातील आद्य स्वर गळून झालेल्या ‘पेक्षा’ने पत्करले आहे. ‘लहान’ हे विशेषण तुलनेतही ‘लहान’च राहते. परिणामी तुलनेचा सर्व भार ‘पेक्षा’ या एका अव्ययावर येतो, आणि ते अव्यय ज्या संख्येला चिकटते तिच्यावर सर्व अर्थ अवलंबून राहतो. चिन्हात या अव्ययाचे प्रतिबिंब कोठेही नाही.

याचा परिणाम श्रुतलेखनात स्पष्ट दिसतो. मराठीत शब्दक्रम बराच मोकळा असल्याने ‘पाच आठपेक्षा लहान आहे’ हे वाक्य जितके सहज, तितकेच ‘आठपेक्षा पाच लहान आहे’ हेही सहज आहे. दुसरे वाक्य ऐकून विद्यार्थी काय लिहितो? संख्या ज्या क्रमाने ऐकल्या त्या क्रमाने तो मांडतो, प्रथम ८, नंतर ५. शेवटी ‘लहान’ हा शब्द कानी पडतो, आणि ‘लहान’चे चिन्ह म्हणून पाठ केलेले < तो मध्ये घालतो. कागदावर ८ < ५ उमटते. या विद्यार्थ्याला आठ व पाच यांतील मोठी संख्या कोणती हे पक्के ठाऊक आहे. < हे चिन्हही ठाऊक आहे. वाक्याचा अर्थही त्याला समजला आहे. चूक झाली ती वाक्याचा क्रम चिन्हाच्या क्रमात तसाच उतरविल्यामुळे. हीच प्रवृत्ती प्रगत विद्यार्थ्यांतही आढळते. क्लेमंट, लॉकहेड व मंक यांनी १९८१ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयी लिहिताना असे दाखविले, की ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ अशा आशयाचे इंग्रजी वाक्य समीकरणात मांडताना अनेक जण संख्यांची बाजू उलट करतात; त्यामागील एक कारण वाक्यातील शब्दांचा क्रम जसाच्या तसा चिन्हांत उतरविणे हे होते.

३. एका प्रत्ययाचे कार्य

पुढील दोन वाक्यखंडांची तुलना करावी.

(अ) आठपेक्षा पाच कमी.
(आ) आठपेक्षा पाचने कमी.

पहिल्यात एक विधान आहे : ५ < ८. दुसऱ्यात विधान नाही. त्यात एका संख्येचे वर्णन आहे : ८ − ५, म्हणजे ३. भेद केवळ ‘ने’ या तृतीयेच्या प्रत्ययाचा आहे. तो असला की ‘पाच’ हे अंतराचे माप ठरते. नसला की ‘पाच’ हा तुलनेतील एक पक्ष ठरतो. बोलण्यात हा प्रत्यय वारंवार गळतो. ‘भाव मागच्यापेक्षा पाच रुपये कमी आहे’ असे आपण सहज म्हणतो, आणि तेथे व्यवहाराच्या संदर्भाने अर्थ निश्चित होतो. ‘क्ष पेक्षा पाच कमी’ या वाक्यखंडाला मात्र असा संदर्भ नसतो. ते क्ष − ५ आहे की ५ < क्ष आहे, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते. प्रश्नपत्रिकेत हा प्रत्यय गाळणे म्हणजे दोन भिन्न प्रश्न एकाच वाक्यात विचारणे होय.

येथे मराठीच्या बाजूची एक गोष्टही नमूद केली पाहिजे. ‘आठपेक्षा पाचने कमी’ यात आठ प्रथम येतात, पाच नंतर. वजाबाकीच्या ८ − ५ या मांडणीतही तोच क्रम असतो. इंग्रजी वाक्यखंडात पाच प्रथम येतात, आणि त्यामुळे इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी ५ − ८ लिहून बसण्याचा संभव असतो. गणित इंग्रजीतून आणि बहुतेक इतर विषय मराठीतून शिकविण्याची जी ‘सेमी-इंग्रजी’ पद्धती महाराष्ट्रात रूढ झाली आहे, तीत विद्यार्थ्याला दोन्ही क्रमांना तोंड द्यावे लागते. असमतेचा क्रम त्याला इंग्रजीत सोपा व मराठीत अवघड, तर वजाबाकीचा क्रम मराठीत सोपा व इंग्रजीत अवघड. त्याच्याशी कोणत्या भाषेत कोणता क्रम येतो हे कोणी बोललेलेच नसते.

तृतीयेचा हा उपयोग नवा नाही. ‘ऊन’ या अर्थाच्या शब्दांशी तृतीयान्त पदाचा समास होतो, असे पाणिनीने सांगितले आहे (२.१.३१). ‘एकोनविंशति’ म्हणजे एकाने ऊन अशी वीस. मराठीतील ‘एकोणीस’ हा त्याचाच वंशज. म्हणजे ‘पाचने कमी’ यातील ‘ने’ आणि ‘एकोणीस’ या शब्दाच्या उदरात लपलेली तृतीया या दोहोंचे कार्य एकच आहे. ‘पाऊण’ हा पाद व ऊन यांपासून झाला. ‘पावणेदोन’ म्हणजे दोनाला पाव कमी. ऋण संख्येसाठी आपण वापरतो तो ‘उणे’ हा शब्दही ‘ऊन’ याच्याच कुळातील. ‘घरून’, ‘गावाहून’ यांतील पंचमीचा प्रत्यय याहून वेगळा, हे सांगावयास नकोच. असमतेची कल्पना मराठी मुलाला शाळेत चिन्हासोबत भेटते असे आपण समजतो. वस्तुतः ‘एकोणीस’ हा शब्द शिकताना तो ती कंठस्थ करून चुकलेला असतो. केवळ त्याला तसे कोणी सांगितलेले नसते.

४. संख्यानामांची अडचण

दोन अंकी संख्यांची तुलना करताना प्रथम दशकस्थानाचा अंक पाहावयाचा असतो. मराठी संख्यानामांत मात्र एककाचा उल्लेख आधी येतो : सदतीस म्हणजे सात व तीस, त्र्याहत्तर म्हणजे तीन व सत्तर. डोळ्याला ३७ मध्ये तीन आधी दिसतो, कानाला सात आधी ऐकू येतो. तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या घरच्या भाषेत वीस आधी व एक नंतर असा क्रम असतो. हिंदी व छत्तीसगढी बोलणाऱ्यांचा क्रम मराठीसारखाच.

बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’ यासोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण व उलटा क्रम ही कारणे त्या वेळी मांडली होती. भाषेच्या प्रकृतीत हस्तक्षेप नको, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्या वादात भावनेचा अंश बराच होता. तथापि त्यातील मूळ प्रश्न शास्त्रीय आहे, आणि त्यावर अन्य भाषांत संशोधन झालेले आहे. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारला जातो. ऑस्ट्रियातील मुलांच्या संख्यालेखनाचा अभ्यास झुबर, पिक्सनर, मोलर व न्यूर्क यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. चुकांचा मोठा वाटा दशक-एककांच्या अदलाबदलीचा असल्याचे त्यांना आढळले. त्यापूर्वी २००१ साली न्यूर्क, वेगर व विल्मेस यांनी प्रौढांच्या बाबतीत असे दाखविले, की ४२ व ५७ यांची तुलना लवकर होते, ४७ व ६२ यांची उशिरा. पहिल्या जोडीत दशक व एकक दोन्ही एकाच बाजूचा कौल देतात. दुसऱ्या जोडीत दशक ६२ च्या बाजूने आणि एकक ४७ च्या बाजूने बोलतो. एककाचा विचार अनावश्यक असूनही मन तो करते. ज्या भाषेत एककाचे नाव प्रथम कानावर आदळते, तेथे या अनावश्यक विचाराला आमंत्रणच मिळते.

मराठीत आणखी एक गुंतागुंत ‘एकोण’च्या मालिकेमुळे येते. २९ व ३१ या संख्या ऐका : एकोणतीस, एकतीस. दोन्हींच्या आरंभी ‘एक’, दोन्हींच्या अंती ‘तीस’. भेद मधल्या ‘ओण’ इतकाच, आणि नागपुरी बोलीत णकाराचा नकार होत असल्याने तोही ‘ओन’ असा मवाळ होतो. ३९ व ४१ या जोडीचीही जवळजवळ हीच स्थिती. २९ या संख्येत दशकस्थानी दोन आहेत, पण तिच्या नावात ‘वीस’ कोठेही नाही. आहे तो ‘तीस’. ही मालिका नव्याण्णव या शब्दाशी आल्यावर अकस्मात मोडते, कारण तेथे ‘एकोणशंभर’ नसून नव व नव्वद आहेत. ज्या मुलाने ‘एकोणतीस’ ऐकून ३१ लिहिले, त्याने पुढे ३१ > ३० असे चिन्ह घातले तर त्याचे चिन्ह बरोबर आहे, संख्या चुकली आहे. उत्तरपत्रिकेत दोन्ही चुकांवर एकच लाल रेघ पडते. शिक्षकाने या दोन चुका वेगळ्या ओळखणे, हा या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

५. ‘लहान नाही’ म्हणजे काय

व्यवहारात ‘लहान’ व ‘मोठा’ हे विरुद्धार्थी शब्द आहेत. परंतु त्यांची योग्यता सारखी नाही. ‘खोली किती मोठी आहे?’ हा साधा प्रश्न आहे. ‘खोली किती लहान आहे?’ या प्रश्नात ती लहान असल्याचे गृहीत धरलेले आहे. उंची, लांबी, जाडी ही परिमाणवाचक नामेही अधिकतेच्या बाजूच्या विशेषणांवरूनच होतात. हर्बर्ट क्लार्क याने १९६९ साली या भेदाचा तर्कप्रक्रियेशी संबंध जोडून असे प्रतिपादन केले, की न्यूनतेच्या बाजूचे शब्द समजून घेण्यास मनाला अधिक श्रम पडतात. त्याच्या आदल्या वर्षी मार्गारेट डोनाल्डसन व जॉर्ज बाल्फोर यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांची जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत मुले ‘कमी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला ‘अधिक’ समजूनच प्रतिसाद देत असल्याचे दिसून आले. < हे चिन्ह > याहून अधिक चुकते असे एखाद्या शिक्षकास आढळल्यास, त्याचे मूळ चिन्हात नसून ‘लहान’ या शब्दात असण्याचा संभव आहे.

याहून गंभीर अडचण निषेधाची आहे. दोन संख्यांच्या बाबतीत तीनच शक्यता असतात : पहिली लहान, दोन्ही समान, किंवा पहिली मोठी. यांपैकी एक नाकारली की दोन उरतात. ‘क्ष ही ५ पेक्षा लहान नाही’ याचा अर्थ क्ष > ५ असा नसून क्ष ≥ ५ असा आहे. बोलण्यात मात्र ‘तो काही लहान नाही’ याचा अर्थ ‘तो मोठा आहे’ असाच घेतला जातो. शब्दाचा विरोध आणि शब्दाचा अभाव यांतील हा भेद न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. गणिताच्या विद्यार्थ्याला तो ≥ या चिन्हाच्या निमित्ताने प्रथमच भेटतो.

हा केवळ पुस्तकी भेद नव्हे. भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात मतदाराचे वय अठरा वर्षांहून ‘कमी नसावे’ अशी योजना आहे. १९८८ सालच्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने एकवीसाच्या जागी अठरा आले, आणि ती दुरुस्ती १९८९ साली अमलात आली. तेथे ‘अठराहून अधिक’ असे शब्द असते तर अठरा पूर्ण झालेल्या नागरिकाचा हक्क एका शब्दाने हिरावला गेला असता. शंभरांपैकी ‘किमान ३५ गुण’ आणि ‘३५ पेक्षा अधिक गुण’ यांत बरोबर ३५ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे एक वर्ष सामावलेले आहे. संगणकाला दिलेल्या आज्ञेत > च्या जागी ≥ पडले तरी सीमेवरील संख्येचे भवितव्य बदलते. मराठीत सीमा आत घेणारे शब्द आहेत : किमान, निदान, कमीत कमी, कमाल, जास्तीत जास्त, पर्यंत. सीमा बाहेर ठेवणारेही आहेत : पेक्षा कमी, पेक्षा अधिक, हून मोठा. काही शब्द मात्र संदिग्ध आहेत. ‘अठरा वर्षांवरील’ यात अठरा आहे की नाही? ‘शंभराच्या आत’ यात शंभर आहेत की नाहीत? नियम, जाहिरात व प्रश्नपत्रिका लिहिणाऱ्याने हे संदिग्ध शब्द टाळणे श्रेयस्कर.

दुहेरी असमतेत वाचनाची आणखी एक अडचण येते. २ < क्ष < ७ या लेखनात विषय क्ष हा आहे, पण तो मध्ये बसला आहे. त्याच्याविषयी वाक्य करावयाचे तर दुसरे चिन्ह डावीकडून उजवीकडे, आणि पहिले चिन्ह उजवीकडून डावीकडे वाचावे लागते : ‘क्ष ही २ पेक्षा मोठी व ७ पेक्षा लहान’. < याचे नाव ‘लहान’ असे ज्याने पाठ केले आहे, त्याला तेच चिन्ह एकाच ओळीत ‘मोठी’ असे वाचणे हा विरोधाभास वाटतो. चिन्हाला नाव नसते, दिशा असते. नाव वाचणाऱ्याने कोणत्या बाजूने आरंभ केला त्यावरून ठरते.

६. ऋण संख्या आणि मगरीचे तोंड

शाळांतून हे चिन्ह लक्षात ठेवण्यासाठी मगरीची गोष्ट सांगतात : मगर भुकेली असते, म्हणून तिचे तोंड मोठ्या संख्येकडे वळते. कोठे मगरीऐवजी पक्ष्याची चोच येते. या युक्तीने चिन्ह योग्य बाजूला वळते, यात शंका नाही. पण तीत दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की ती चिन्ह घालावयास शिकविते, वाचावयास नव्हे. ५ □ ८ अशी रिकामी चौकट असेल तर मगर उपयोगी पडते. क्ष < ५ असे लिहिलेले असेल तर तिला काय खावे हे आधीच सांगितलेले असते, आणि आता प्रश्न क्ष विषयी काय कळले हा असतो.

दुसरी उणीव ऋण संख्यांत प्रकट होते. −८ व −५ यांत मगरीला ८ हा आकडा मोठा दिसतो. ‘मोठी’ हा शब्दही तिला साहाय्य करतो, कारण मराठीत ‘मोठे कर्ज’ म्हणजे अधिक रकमेचे कर्ज. येथे संख्यारेषेकडे वळावे लागते. तीवर डावीकडे असणे म्हणजे लहान असणे. −८ हा −५ च्या डावीकडे आहे, म्हणून −८ < −५. कन्हान नदीची पातळी एखाद्या खुणेच्या आठ हात खाली असेल तर ती पाच हात खाली असण्यापेक्षा उंच नव्हे, नीच आहे. ‘मोठी-लहान’ऐवजी ‘वर-खाली’ हे शब्द योजले की ऋण संख्यांतील संभ्रम बराच ओसरतो. असमतेच्या दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले असता चिन्ह का उलटते, याचेही उत्तर येथेच मिळते. −१ ने गुणणे म्हणजे संख्यारेषा शून्याभोवती फिरविणे. उजवीकडील बिंदू डावीकडे आणि डावीकडील उजवीकडे जातात. ५ हा ८ च्या डावीकडे होता. −५ हा −८ च्या उजवीकडे येतो. चिन्ह उलटण्याचा नियम पाठ करावयाचा नसून पाहावयाचा आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून अध्यापनासाठी काही सूचना निघतात.

(१) चिन्हाची ओळख समतेच्या चिन्हातून करून द्यावी. दोन समांतर रेषा, मग एका बाजूला मिटलेल्या त्याच रेषा. जेथे फट रुंद तेथे संख्या अधिक, एवढे एकच वाक्य स्मरणास पुरे.

(२) प्रत्येक असमता दोन्ही बाजूंनी वाचवून घ्यावी : पाच आठपेक्षा लहान, आठ पाचपेक्षा मोठी. चिन्हाला एकच नाव चिकटू देऊ नये.

(३) श्रुतलेखनात ‘पाच आठपेक्षा लहान’ व ‘आठपेक्षा पाच लहान’ ही दोन्ही वाक्ये मिसळून द्यावी, आणि ‘पेक्षा’ ज्या संख्येला लागले तिच्याखाली प्रथम रेघ ओढावयास सांगावे.

(४) ‘पाच कमी’ व ‘पाचने कमी’ यांतील भेद व्याकरणाच्या तासालाही शिकवावा. तृतीयेचे इतके उपयुक्त उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

(५) संख्या ऐकून लिहिण्याची परीक्षा आणि चिन्ह घालण्याची परीक्षा वेगवेगळी घ्यावी.

(६) ≥ हे चिन्ह ‘लहान नाही’ असे, आणि ≤ हे ‘मोठे नाही’ असेही वाचवून घ्यावे.

यांतील कोणतीही सूचना खर्चाची नाही, आणि कोणतीही गणिताच्या शिक्षकाने एकट्याने पार पाडावयाची नाही. तिसरी व चौथी तर सर्वस्वी भाषेच्या शिक्षकाच्या अधिकारातील आहेत. अभ्यासकांपुढे कामही बरेच आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांतील असमतेच्या चुका गोळा करून त्यांचे क्रमाची चूक, संख्यानामाची चूक, निषेधाची चूक व चिन्हाची चूक असे वर्गीकरण केल्यास, मराठी तुलनावाक्याविषयी केवळ व्याकरणग्रंथांतून न मिळणारी माहिती हाती येईल. असा अभ्यास बहुभाषिक वस्तीत झाला तर अधिक बरे, कारण तेथे एकाच वर्गात एकाच चिन्हाचे तीन-चार व्याकरणांतून होणारे वाचन तपासता येते. ज्या मुलाने ‘आठपेक्षा पाच लहान’ हे ऐकून ८ < ५ असे लिहिले, त्याच्या वहीवर फुली मारण्यापूर्वी त्याला ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणावयास सांगावे. पुष्कळ वेळा त्याला गणित येत असल्याचे त्या वाक्यातूनच आपणास कळेल.